छर्रा कुठं अडतो?

या महिन्याच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं एकाच दुखण्याची आहेत. ॲक्शन (बोल्ट आणि ट्रिगर असलेला मधला भाग) एकाची, नळी दुसऱ्याची, मॅगझिन (छर्रे भरून ठेवायची डबी) तिसऱ्याच कुणाचं. सगळं घरी बसून जोडलं आणि आता एअर रायफल छर्रा नीट घेत नाही. मी बंदुकांतला पंडित नव्हे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एकतीस वर्षं लेथवर उभा होतो. पोरगी नेमबाजीला लागली तेव्हा तिची रायफल उघडायला शिकलो, मग क्लबातल्या इतरांच्या येऊ लागल्या, त्या अजून येतात. त्यामुळं माझं उत्तर बहुतेक वेळा व्हर्नियरपासून सुरू होतं. ‘कुठली कंपनी चांगली’ एवढंच ज्यांना हवंय त्यांनी राग मानू नये.

प्रश्न : माझी ०.१७७ इंच बोअरची पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) एअर रायफल आहे. ॲक्शन मित्राकडून जुनी घेतली, नळी नवी बसवली, दहा छऱ्यांचं मॅगझिन दुसऱ्या मॉडेलचं आहे. दोन-तीन छर्रे सुरळीत जातात, मग बोल्ट (छर्रा नळीत ढकलणारा दांडा) अर्ध्यावर अडतो. जोर दिला की जातो, पण तो छर्रा टार्गेटवर कुठंही लागतो. नळी बदलू का? मी यंत्रमागावर जॉबर (माग दुरुस्त करणारा) आहे, घरी हत्यारं आहेत. (इचलकरंजी)

नळी बदलू नका. आणि जोर देणं आजपासून बंद.

तुम्ही जॉबर, म्हणून तुमच्याच भाषेत बोलतो. धोटा पेटीत सरळ शिरत नसेल तर तुम्ही लगेच नवा धोटा आणता का? आधी पेटी बघता, ती कुणीकडं कलली ते बघता. इथंही तेच. छर्रा म्हणजे शिसं. नखानं ओरखडा उठतो. त्याचा मागचा घेर, ज्याला आपण स्कर्ट म्हणतो, तो कागदाच्या जाडीच्या आसपासचा. बोल्टला जोर दिला की छर्रा ‘जातो’, हे खरं, पण एका बाजूनं तासला जाऊन जातो. वाकड्या स्कर्टचा छर्रा नळीतून बाहेर पडताना हवा एका अंगानं आधी सोडतो आणि तिथंच त्याचा नेम संपतो. तुमच्या टार्गेटवरची तक्रार आणि बोल्टची तक्रार एकच आहे.

आता बघायचं कसं. रायफलमधली हवा पूर्ण काढा. नळीत छर्रा नाही याची खात्री करा, तोंड मोकळ्या भिंतीकडं ठेवा. मॅगझिन बाजूला ठेवून एक छर्रा बोटानं थेट नळीच्या मागच्या तोंडात सरळ टेकवा आणि बोल्ट हळू पुढं न्या. अलगद बसला तर नळी सुटली, तिच्यावर खटला नाही. गजानं तो छर्रा मागं काढा आणि भिंगाखाली धरा. असे पाच छर्रे करा. पाचही स्वच्छ निघाले तर आरोपी मॅगझिन किंवा त्याची जागा.

मग मॅगझिनच्या चाकातल्या प्रत्येक भोकाशी मार्करनं एक ते दहा आकडे घाला आणि छर्रा अडला की आकडा लिहून ठेवा. तीन फेऱ्या करा. दर वेळी चार नंबरच अडत असेल तर दोष त्या भोकात. आत प्लॅस्टिकची धार किंवा शिशाचा कीस अडकलेला असतो. आकडा दर वेळी वेगळा येत असेल तर चाक नेमक्या जागी थांबत नाही, म्हणजे स्प्रिंग ढिली किंवा खाच झिजलेली. आणि सगळेच थोडे थोडे अडत असतील तर मॅगझिन ज्या खाचेत बसतं तिची उंचीच जुळत नाही. तुमचे पहिले दोन-तीन सुरळीत जातात. भरलेल्या मॅगझिनची स्प्रिंग तेव्हा जास्त ताणलेली असते आणि चाक ठाम फिरवते. पुढं ताण उतरतो. त्यामुळं माझा संशय दुसऱ्या कारणावर आहे, पण संशयावर भाग विकत घेऊ नका, आधी आकडे लिहा.

उंची जुळते का ते छर्राच सांगतो. अडलेला छर्रा काढून बघा, चकचकीत ओरखडा कुठल्या अंगाला आहे. खालच्या अंगाला असेल तर छर्रा नळीच्या तोंडाशी खाली जातोय, मॅगझिन किंचित वर उचलायला हवं. ओव्हरहेड प्रोजेक्टरची जुनी पारदर्शक फिल्म कुणाकडं असेल तर तिची एक पट्टी मॅगझिनखाली ठेवा, ती साधारण दहावा भाग मिलिमीटरची असते. एक पट्टी, मग दोन. ओरखडा वरच्या अंगाला असेल तर पट्टीनं भागणार नाही. मॅगझिनचा तळ घासावा लागेल, आणि घासलेलं परत येत नाही, म्हणून ते शेवटी. माझ्याकडं आलेल्या अशाच एका रायफलीत दोन पट्ट्यांत काम झालं होतं. मालकानं तोवर दोन नळ्या विकत घेतल्या होत्या.

छऱ्याची लांबीही मोजा. हे कुणी करत नाही. कागदी टार्गेटसाठीचा चपट्या डोक्याचा छर्रा माझ्या डब्यात साडेपाच मिलिमीटरच्या आसपास भरतो. जड, घुमटाकार डोक्याचे छर्रे त्याहून बरेच लांब असतात. चाकाच्या जाडीपेक्षा छर्रा लांब झाला की त्याचं नाक बाहेर डोकावतं आणि चाक फिरताना नळीच्या कडेला घासतं. उलट चपट्या डोक्याच्या छऱ्याला चौकट कडा असते; जागा केसभर चुकली की तीच कडा पायरीला ठेचकाळते, घुमटी डोकं तिथून घसरून आत जातं. म्हणून मॅगझिनमध्ये घुमटी छर्रा चालतो आणि चपटा अडतो असं झालं तर छर्रा खराब ठरवू नका. जागा चुकलीय. मॅच रायफल बघा, दहा मीटरच्या स्पर्धेत एकेक छर्रा हातानंच भरतात.

नळीच्या तोंडाच्या आतली कड धारदार आहे का ते कानातल्या कापसाच्या काडीनं कळतं. काडी आत फिरवून बाहेर काढा. तंतू ओढले गेले तर तिथं बर, म्हणजे धातूची उठलेली धार, आहे. ड्रिल लावून चॅम्फर (कडेला तिरपा उतार) मारू नका, हात जोडून सांगतो. पितळ घासायची पेस्ट काडीला लावून बोटांनी फिरवा, पाच मिनिटं, मग परत बघा. लेथवर वाढलेल्या माणसाला हे बायकी वाटेल. मलाही वाटायचं, एक नळी वाया घालवेपर्यंत.

राहिली एक सवय. छर्रा अडला म्हणून बोल्ट मागं ओढून परत पुढं नेला की बऱ्याच मॅगझिनांत चाक पुढं सरकतं आणि नळीत दोन छर्रे जातात. दुसरा छर्रा निघतो तेव्हा पहिला त्याच्या पुढ्यात असतो. बोल्ट एकदा पूर्ण पुढं गेला की मागं आणायचा नाही. शंका आली तर मॅगझिन काढायचं आणि नळी गजानं तपासायची.

प्रश्न : मुलगी नववीत आहे, क्लबात दहा मीटर एअर रायफल मारते. तिच्यासाठी सेकंडहँड मॅच रायफल बघितली. सिलिंडर मात्र दुसऱ्या कंपनीचं आहे. विकणारे म्हणतात, आटे बसतात, म्हणजे चालतं. घ्यावी का? आणि छर्रे ४.४९ मिलिमीटर डोक्याचे घ्यायचे की ४.५०? (सांगली)

ताई, आटे बसले म्हणजे भाग बसला असं नसतं. नळाला चुकीची तोटीसुद्धा दीड आटा बसते. सिलिंडरमध्ये दोनशे बार दाब असतो. गाडीच्या चाकात सव्वादोन बार असतो, यावरून अंदाज करा. दोन आट्यांवर लटकलेलं सिलिंडर मी रेंजवर बघितलंय आणि त्या दिवशी माझी जागा बदलून घेतलीय. त्या रायफलीच्या उत्पादकानं त्या मॉडेलसाठी सांगितलेलं सिलिंडर मिळत असेल तरच सौदा करा. नाही तर किमतीतून नव्या सिलिंडरचे पैसे वजा करून मागा.

त्याआधी सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या नियमांत सिलिंडरची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षं आहे आणि ती सांभाळणं खेळाडूची जबाबदारी धरलीय. मुदत संपलेलं सिलिंडर सेकंडहँड बाजारात सर्रास फिरतं, कारण ते दिसायला चकचकीत असतं. रायफलचं वजनही करून घ्या. साडेपाच किलोच्या वर चालत नाही, आणि आधीच्या मालकानं वजनं, पट्ट्या बरंच काही लावलेलं असतं.

छऱ्याचं डोकं ४.४९ की ४.५० हे मी इथं बसून सांगू शकत नाही, दुकानदारही सांगू शकत नाही. तिच्या नळीला विचारा. दोन्हींची एकेक डबी घ्या, रायफल शिकंजात धरून दहा-दहा छर्रे मारा आणि भोकांचा घेर मोजा. शिकंजा क्लबात नसेल तर वाळूच्या पिशव्या. दहा मीटरवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे, तेव्हा शतांश मिलिमीटरला इथं अर्थ आहे. पण नववीतल्या मुलीचा घेर छऱ्यानं फार आवळत नाही. ती रोज कोरडा सराव, म्हणजे छर्रा न भरता नेमाचा सराव, किती करते त्यानं आवळतो. कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे ऑगस्ट २०२४ मध्ये ऑलिंपिकचं कांस्य घेऊन आला, तेव्हा आमच्या जिल्ह्यातल्या दुकानांत तीन दिवस लोक ‘त्याची रायफल कुठली’ एवढंच विचारत होते. त्याचा खेळ पन्नास मीटरचा, रायफल काडतुसाची, आणि विचारणारे सगळे दहा मीटर एअरवाले.

प्रश्न : वडिलांची जर्मन डायना ३५ च्या धर्तीवरची देशी एअरगन आहे, नळी मोडून भरायची. तिला जोरदार स्प्रिंग घातली. जुनी ३ मिलिमीटर तारेची, ३३ वेटोळ्यांची होती, नवी ३.५ मिलिमीटरची, ३४ वेटोळी. आता नळी पूर्ण खाली येत नाही, घोडा धरत नाही. शिवाय छर्रा भरला की नळी बंद करताना खाली पडतो. बागेत वानरं फार येतात. (सावंतवाडी)

आकडे तुम्हीच दिलेत, फक्त गुणाकार करायचा राहिला. स्प्रिंग पूर्ण दाबली की तारेची जाडी गुणिले वेटोळी एवढी उंची उरते. जुनी ९९ मिलिमीटर. नवी ११९. हे वीस मिलिमीटर कुठून आणणार? पिस्टन मागं येऊन ट्रिगरच्या दातावर अडकायच्या आधीच वेटोळ्याला वेटोळं टेकतं आणि स्प्रिंग लोखंडाची कांडी होते. आणखी ओढलंत तर कॉकिंगचा दांडा वाकेल. ती स्प्रिंग काढा.

काढताना जपून. ती स्प्रिंग बंदुकीत बसवलेली असतानाही दाबलेलीच असते. मागचा खिळा काढायच्या आधी लाकडी चौकटीत किंवा लेथच्या दोन टोकांमध्ये धरून ताण घ्यायचा आणि मग हळू सोडायचा. पहिल्या वेळी मी ‘काय होतंय’ म्हणून मांडीवर उघडली होती. मागची टोपी पत्र्याच्या छताला लागली, तो खोमा अजून आहे. बायको पाहुण्यांना दाखवते.

छर्रा पडतो त्याचं कारण वेगळं. मऊ शिशाचा छर्रा नळीत बोटाच्या दाबानं स्कर्टपर्यंत बसायला हवा. तो सैल पडत असेल तर डबी बदलून बघा. डोक्याचं माप कंपनीगणिक वेगळं असतं. बोटानं आत बसतच नसेल आणि बाहेर राहत असेल तर नळीचं तोंड बघा, कुणीतरी स्क्रूड्रायव्हरनं तिथं कड उठवलेली असेल. नळीच्या मुळाशी असलेलं वॉशरही तपासा. ते किंचित वर उठलेलं हवं. बसकं झालं की हवा तिथूनच पळते. तपासायला सोपं: सांध्यावर टिश्यू पेपरची चिंधी ठेवा, छर्रा भरून सुरक्षित ठिकाणी मारा. चिंधी उडाली तर वॉशर गेलं. छऱ्याशिवाय मात्र कधी मारू नका. पुढं अडवायला काही नसलं की पिस्टन थेट टोकावर जाऊन आदळतो.

आणि जोराचं म्हणाल तर, २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणं ०.१७७ बोअर आणि २० जूलपर्यंतच्या एअरगनला परवाना लागत नाही, त्यापलीकडं लागतो. अर्ध्या ग्रॅमच्या थोड्या वरचा, ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २७५ मीटर गेला की २० जूल झाले. मॅच रायफल १७० च्या आसपास फेकते, म्हणजे आठ जूलसुद्धा नाहीत, आणि तिच्यावर जगज्जेते होतात. वानरांसाठी तर ही बंदूक काढूच नका. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहेच, आणि छर्रा लागलेलं वानर मरत नाही, जखम घेऊन महिनाभर तुमच्याच माडावर बसतं.

प्रश्न : माझ्याकडं लेथ आणि मिलिंग दोन्ही आहे. यूट्यूबवर बघून ०.२२ काडतुसाची रायफल घरी करता येईल असं वाटतं. नळीला कुठलं स्टील घेऊ? (नाव-गाव नाही)

नाव-गाव दिलं नाहीत म्हणजे उत्तर तुम्हाला माहीत आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं पाचवं कलम परवान्याशिवाय बंदूक बनवायला मना करतं, दुरुस्त करायलासुद्धा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बनवण्याची शिक्षा कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. क्लबाची ०.२२ मी हातात घेत नाही, ती परवानाधारक गनस्मिथकडं जाते. लेथ आहे ना? शिकंजा करा. वर सांगलीच्या ताईंना हवाय.

प्रश्न : काका, मी मूळ साताऱ्याचा, आता टेक्सासमध्ये. इथं एआर-१५ सुटे भाग आणून घरी जोडली. गोळीचं नाक नळीच्या तोंडाखालच्या उतारावर अडतं. तीन मॅगझिन आहेत. अप्पर (नळी आणि बोल्ट ज्यात बसतात तो वरचा सांगाडा) एकीकडचा, नळी दुसरीकडची, बोल्ट तिसरीकडचा.

तुमच्याकडं स्वतःपुरती रायफल जोडायला केंद्राचा कायदा आडवा येत नाही, राज्याराज्याचे नियम वेगळे; म्हणून उत्तर देतो. पद्धत इचलकरंजीचीच. मॅगझिनांवर एक, दोन, तीन लिहा आणि कुठलं अडतं ते बघा. एकच अडत असेल तर ते कचऱ्यात टाका. त्याचे ओठ (गोळी धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) पिळून सरळ करत बसू नका, स्वस्त वस्तू आहे.

तिन्ही अडत असतील तर उताराकडं बघा. या रायफलीत उतार दोन जातींचे असतात, जुना आखूड आणि एम-४ (अमेरिकी लष्कराची आखूड रायफल) चा लांब. लांब उताराचा भाग नळीच्या मागच्या टोकापासून अप्परच्या आत उतरतो. नळी एम-४ ची आणि अप्पर जुना असला की अप्परची कड नळीच्या उतारावर छज्जासारखी पुढं येते आणि गोळीचं नाक तिथं ठेचतं. बोटाचं नख फिरवा, पायरी लागेल. नळी जुनी आणि अप्पर एम-४ चा, हे उलटं जोडकाम सहसा चालून जातं. पायरी कानशीनं घासू नका, जोडी बदला.

याहून मोठी गोष्ट तुम्ही विचारलीच नाहीत. बोल्ट आणि नळी वेगवेगळ्या घरची असतील तर गोळी बसल्यावर मागं किती जागा उरते, ते गो आणि नो-गो गेजनं (बोल्ट मिटायला हवा आणि मिटायला नको अशा दोन मापाच्या ठोकळ्यांनी) तपासल्याशिवाय एकही गोळी मारू नका. गनस्मिथकडं दहा मिनिटांचं काम आहे. नळीवर कोरलेलं वाचा: .२२३ लिहिलं असेल तर ५.५६ ची गोळी तिच्यात घालायची नाही, बाहेरून सारखी दिसली तरी दाब वाढतो. मित्रांत कुणाकडं .३०० ब्लॅकआउट (जाड गोळीच्या काडतुसाची रायफल) असेल तर त्याची मॅगझिन तुमच्या टेबलावर येऊ देऊ नका. ती तुमच्या रायफलीत बसते. तिच्यातली गोळी तुमच्या नळीत चालली तर रायफल फुटते. मॅगझिनला रंगीत पट्टी बांधा.

मागच्या अंकातून. नाशिकच्या कॉलेजकुमाराला मी सांगितलं होतं की मॅगझिनच्या झाकणाचा हरवलेला स्क्रू घड्याळवाल्याकडून घ्या, दोन मिलिमीटर आट्याचा, सहा लांबीचा. त्याचं पत्र आलंय. तीन डब्या छर्रे बदलले, मॅगझिन नवं घेतलं, जुनं अडतच राहिलं. शेवटी त्यानं मार्करची युक्ती केली तेव्हा दिसलं की स्क्रूचं टोक आत चाकाला टेकतंय. लांबी पाच हवी होती. सहा मी लिहिलं होतं. नव्या मॅगझिनचे पैसे मी त्याला मनिऑर्डरनं पाठवलेत, आणि तो म्हणतो आता मनिऑर्डर म्हणजे काय ते घरात कुणालाच माहीत नाही.